सगळंच पकडू नका

इंटेलिजे आयडियाचं एक प्लगिन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. यॅमल फाइलमधली सेटिंग्ज जावा कोडमध्ये कुठे वापरली आहेत का, ते शोधायचं आणि सापडलं नाही तर नावाखाली लाल रेघ मारायची, एवढंच त्याचं काम. तक्रार अशी होती की वापरात असलेल्या सेटिंगखालीही मधूनच रेघ येते आणि आयडिया बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जात नाही. माझ्याकडे मात्र काही केल्या रेघ येईना. शेवटी शोध चालू असतानाच टायपिंग करत राहिलो, तेव्हा आली.

कोडमध्ये शोधाभोवती ट्राय होता, खाली ‘कॅच एक्सेप्शन’ आणि आत ‘रिटर्न नल’. लिहिणाऱ्याचा हेतू भला: आपल्या प्लगिनमुळे कुणाचा एडिटर कोसळू नये. पण ती काळजी प्लॅटफॉर्म घेतोच. प्लगिनमधून निसटलेला एक्सेप्शन तो लॉगमध्ये टाकतो आणि कोपऱ्यात लाल खूण दाखवून दोषी प्लगिनचं नावही सांगतो. एरिक गामा आणि केंट बेक यांनी २००३ साली एक्लिप्सवरच्या पुस्तकात हाच नियम घातला होता: एक्स्टेन्शन पॉइंट देणाऱ्यानेच, जोडणाऱ्याच्या चुकांपासून स्वतःला सांभाळायचं.

खरी गोम प्रोसेसकॅन्सल्डएक्सेप्शनमध्ये होती. बॅकग्राउंडला कोड वाचताना आपण रीड लॉक धरून बसलेलो असतो. तुम्ही एक अक्षर टाइप केलं की एडिटरला राइट लॉक हवा असतो, म्हणून प्लॅटफॉर्म वाचणाऱ्याला सांगतो, ‘ऊठ, नंतर पुन्हा ये.’ हा निरोप पुढच्या चेककॅन्सल्डच्या कॉलवर एक्सेप्शन बनून येतो. म्हणजे यात बिघडलेलं काहीच नसतं. आमच्या प्लगिनने तो निरोप गिळला, अर्धवट शोधाचं ‘नल’ हेच उत्तर मानलं आणि वर ते स्वतःच्या कॅशमध्ये जपून ठेवलं. मग रेघ जाणार कशी?

असा कोड हाती आला तर मोठ्या कॅचच्या आधी प्रोसेसकॅन्सल्डएक्सेप्शनचा वेगळा कॅच लिहा आणि तो जसाच्या तसा पुढे फेका. लॉगही करू नका, लॉगर.एररला तो दिलात तर प्लॅटफॉर्म उलट तुमच्यावरच ओरडतो. एक्लिप्समध्ये ऑपरेशनकॅन्सल्डएक्सेप्शनची हीच जात. त्यानंतर मोठा कॅच खरंच हवा का, ते बघा. आमच्याकडे यॅमल पार्सरचा एकच एक्सेप्शन असा निघाला ज्यावर काही करता येत होतं. बाकीचे मी खुशाल वर जाऊ दिले. पहिल्याच रिलीजनंतर लाल खुणा वाढल्या, मॅनेजरसाहेब वैतागले. पण त्यातला एक नलपॉइंटर कित्येक आवृत्त्यांपासून तिथेच लपून बसला होता.

इंडेक्सिंग चालू असताना येणाऱ्या इंडेक्सनॉटरेडीएक्सेप्शनलाही कॅच लावत बसू नका; डम्बसर्व्हिसला आधी विचारा आणि थांबा.

कोटलिन लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ‘रनकॅचिंग’ आणि पुढे ‘गेटऑरनल’ ही एक ओळ दिसायला देखणी, पण ती थ्रोएबलपासून सगळं गिळते, आणि रिव्ह्यूमध्ये कॅच हा शब्द शोधणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते.