लाटेचा श्वास

आधी एक प्रयोग करू या. प्लॅस्टिकची मोठी बाटली घ्या. आई-बाबांकडून तिचा तळ कापून घ्या आणि झाकण काढून टाका. बादलीभर पाण्यात बाटली उभी धरून खाली दाबा, आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या तोंडाशी धरा. काय जाणवलं? हवेचा झोत! आता बाटली थोडी वर उचला, पण पाण्याबाहेर काढू नका. हवा आत ओढली जाते. जणू बाटली श्वास घेते आहे.

लाटांपासून वीज तयार करायची एक पद्धत अशीच आहे. किनाऱ्यावर काँक्रीटची मोठी खोली बांधतात. ती खालून समुद्राला उघडी असते. लाट आली की आतलं पाणी चढतं आणि वरची हवा एका वाटेने जोरात बाहेर पडते. लाट ओसरली की हवा परत आत शिरते. त्या वाटेत पात्यांचं चाक, म्हणजे टर्बाइन, बसवलेलं असतं. चाकाबरोबर जनित्र (वीज तयार करणारं यंत्र) फिरतं.

पण थांबा! हवा कधी बाहेर जाते, कधी आत येते. मग चाकही एकदा सुलटं, एकदा उलटं फिरणार ना? दर लाटेला असं झालं तर वीज नीट कशी मिळणार? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन वेल्स यांनी यावर उपाय शोधला. त्यांच्या टर्बाइनची पाती दोन्ही बाजूंनी सारख्याच आकाराची असतात. त्यामुळे हवा कुठूनही येवो, चाक एकाच दिशेने फिरतं. मला तर या सगळ्यात हीच युक्ती सर्वांत जास्त आवडते.

भारतात असं केंद्र १९९१ साली केरळमधल्या विझिंजमला सुरू झालं. मद्रासच्या आय.आय.टी.तले अभियंते त्यासाठी काम करत होते. केंद्राची क्षमता १५० किलोवॅट होती. पण तिथे पावसाळ्यात लाटा उसळतात आणि एरवी समुद्र बराच शांत असतो. मग वीजही कमी-जास्त व्हायची. पुढे त्या विजेवर समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा प्रयोगही झाला. आता ते केंद्र बंद आहे.

स्कॉटलंडच्या एका बेटावर २००० साली 'लिंपेट' नावाचं केंद्र सुरू झालं. लिंपेट म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा, शंखासारखं कवच असलेला छोटा प्राणी. बेटाचं नाव? 'आयला'. खरंच, उच्चार तसाच आहे, हसू नका! तिथली वीज घरांपर्यंत पोहोचली, पण काही वर्षांनी तेही केंद्र बंद झालं.

असं का होतं? लाटेतून वीज काढता येते, पण समुद्रात यंत्र टिकवणं फार अवघड आणि खर्चाचं असतं. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं. रोजच्या लाटांसाठी बांधलेल्या यंत्राला वादळाचा मारही सोसावा लागतो. स्पेनमधल्या मुत्रिकू गावाने वेगळी वाट धरली. बंदराच्या रक्षणासाठी त्यांना समुद्रात भिंत बांधायचीच होती. त्या भिंतीतच त्यांनी हवेच्या खोल्या केल्या आणि २०११ साली १६ टर्बाइन सुरू केली.

आता तुम्ही सांगा:

१. वेल्स टर्बाइनची पाती एकाच बाजूला वाकलेली असती, तर काय झालं असतं?

२. बाटली हळू दाबा, मग जोरात दाबा. झोतात काय फरक पडला? विझिंजमच्या पावसाळ्याशी त्याचा काय संबंध आहे?