ब्रशवर पेस्ट किती घ्यावी?



आज सकाळी तुम्ही दात घासलेत ना? मग दोन सोप्या प्रश्नांची उत्तरे द्या. ब्रशवर पेस्ट किती घेतली होती? आणि दात किती वेळ घासले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना चटकन देता येईल. जाहिरातीच्या चित्रात असते तशी, ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली आणि शेवटी डौलदार शेपटी काढलेली पेस्ट! दुसऱ्या प्रश्नाला मात्र पुष्कळजण ‘चांगली पाच मिनिटे’ असे ठोकून देतील. घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की, एखाद्या दिवशी माझ्या नकळत घड्याळ लावून वेळ मोजा. ही पाच मिनिटे अनेकदा एका मिनिटाच्या आतच संपतात, असे तुम्हाला आढळेल.

म्हणजे आपण पेस्ट भरपूर घेतो आणि वेळ थोडा देतो. वास्तविक व्हायला हवे याच्या नेमके उलट. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी दात किडतो म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे.

कीड नसलेली कीड

‘दात किडला’ असे आपण सहज म्हणतो. लाकडाला किंवा धान्याला कीड लागते, तशी दातालाही लागत असावी, असा माणसाचा हजारो वर्षांचा समज होता. युरोपात दातदुखीवर खुरासानी ओव्याचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी देत. तापलेल्या बियांतून पांढरे अंकुर बाहेर पडत आणि तेच दातातून निघालेले किडे म्हणून रोग्याला दाखवले जात! १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही मला त्यांत किडे आढळले नाहीत, असे त्याने त्यात स्पष्ट लिहिले.

किडे नव्हते, पण दुसरे काहीतरी होते. ते त्यापूर्वीच हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने पाहिले होते. त्याचे नाव अँटनी व्हान लेव्हेनहूक. तो रोज सकाळी मिठाने दात चोळी. तरीही आपल्या दातांच्या फटीत पिठाच्या लगद्यासारखा पांढरा पदार्थ साठतो, हे त्याच्या लक्षात आले. तो खरवडून, स्वच्छ पाण्यात कालवून त्याने स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरला. तो काय, असंख्य चिमुकले जीव त्यात हालचाल करीत होते! १६८३ साली त्याने ही हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. माणसाच्या तोंडातील जीवाणूंचे हे पहिले दर्शन होय.

पण हे जीव दातांचे काय करतात? याचे उत्तर मिळायला आणखी दोनशे वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने साधे, पण फार विचारपूर्वक प्रयोग केले. काढलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात, शरीराइतक्या उबेत ठेवले. काही काळाने दातांतील खनिज विरघळू लागले. पावाऐवजी चरबीयुक्त मांस घेतले तेव्हा तसे झाले नाही. पाव घेतला, पण लाळ आधी उकळली, तेव्हाही झाले नाही. यावरून काय सिद्ध होते? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

दात किडण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, पिठूळ किंवा गोड पदार्थ. आणि दोन, लाळेतले जिवंत जीवाणू. लाळ उकळली की जीवाणू मरतात आणि क्रिया थांबते. जीवाणू दात खात नाहीत. ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताला विरघळवते. मिलरने हा सिद्धांत १८९० साली ग्रंथरूपाने मांडला.

अर्ध्या तासाचा हल्ला

दाताच्या बाहेरच्या आवरणाला एनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेले हे आवरण मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे बनलेले असते. परंतु कितीही कठीण असले, तरी आम्लापुढे त्याचे चालत नाही. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते.

अमेरिकेतील रॉबर्ट स्टेफान या संशोधकाने १९४० च्या सुमारास दातांवरच्या थराचा पीएच प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर तो काही मिनिटांतच झपाट्याने खाली गेला. मग लाळेने आम्ल हळूहळू धुऊन आणि निष्प्रभ करून टाकले. पण पीएच पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जेवणानंतर एकदाच चार गोळ्या खाल्ल्या, तर दातांवर हल्ला एकदाच होतो. त्याच चार गोळ्या दुपारभर तासातासाने चघळल्या, तर हल्ले चार होतात आणि लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. म्हणजे साखर किती खाल्ली याइतकेच, ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे.

होय, दुरुस्ती! लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असते. आम्ल ओसरले की ते एनॅमलमध्ये परत जाऊन बसते. मात्र ही दुरुस्ती खड्डा पडण्यापूर्वीच होऊ शकते. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. पण दाताला पडलेला खड्डा शरीर कधीच भरून काढू शकत नाही.

ब्रशचे काम आणि पेस्टचे काम

दातांवर साचणाऱ्या जीवाणूंच्या चिकट थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. तो इतका चिवट असतो की नुसत्या चुळा भरून जात नाही. ओशट भांडे केवळ पाण्याखाली धरून निघत नाही, ते घासावेच लागते, तसेच हे आहे. हा थर काही दिवस तसाच राहिला, तर लाळेतील खनिजे त्यात साचून त्याचे दगडासारखे कठीण किटण होते. ते मग ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते.

प्लाक मोडण्याचे काम मुख्यतः ब्रशचे केस करतात. मग पेस्ट कशासाठी? तिच्यातले घटक पाहू. खडूच्या जातीची किंवा सिलिकाची बारीक पूड घासण्यास मदत करते. ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल पेस्टला ओलसर ठेवते. फेस आणणारा पदार्थ साबणासारखे काम करतो आणि पुदिन्यासारखी चव तोंड गार करते. तोंडभर फेस झाला आणि गार वाटले की दात स्वच्छ झाले, असे आपल्याला वाटते. हाच तो फसवा भाग! फेस पहिल्या दहा सेकंदांतच येतो. प्लाक मात्र जागच्या जागी असतो.

पेस्टमधील सर्वांत मोलाचा घटक आपल्याला दिसत नाही आणि चवीलाही लागत नाही. तो म्हणजे फ्लोराइड. त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी गेला. तिथल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. ते कशाचे, याचा शोध त्याने अनेक वर्षे घेतला. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली: हे डागाळलेले दात इतरांच्या दातांपेक्षा कमी किडत! १९३१ मध्ये कारण सापडले. तिथल्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होते. फ्लोराइडच्या सान्निध्यात दुरुस्त झालेले एनॅमल आम्लाला अधिक दाद देत नाही.

पण ‘थोडे चांगले, म्हणून जास्त अधिक चांगले’ हा न्याय इथे लागू पडत नाही. आपल्याच यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फारच असेल तर हाडांवरही परिणाम होतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पेस्टच्या दहा लाख भागांत १००० भाग फ्लोराइड असेल, तर एक ग्रॅम पेस्टमध्ये ते एक मिलिग्रॅम असते. वाटाण्याएवढी पेस्ट सुमारे पाव ग्रॅम भरते. तेवढ्यातले फ्लोराइड दातांना पुरते. लहान मुले पेस्ट थुंकत नाहीत, गिळतात. गोड लागते म्हणून मुद्दामही खातात. म्हणून तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि मोठ्यांनी जवळ उभे राहावे. तुम्हालाही वाटाण्याहून फार अधिक लागत नाही. शेपटीदार पेस्टचा उपयोग दातांपेक्षा दुकानदारालाच अधिक!

आणखी एक चूक आपण सगळेच करतो. दात घासून झाले की खळखळून चुळा भरतो. त्याबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. फेस नीट थुंकून टाका आणि पाण्याच्या चुळा लगेच भरू नका. प्रथम चमत्कारिक वाटेल, पण चार दिवसांत सवय होईल.

घासावे कसे?

ब्रश मऊ केसांचा घ्या. त्याचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरपे टेकवा व हलक्या हाताने, छोट्या हालचालींनी घासा. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू, अशा तिन्ही बाजू घ्या. करवत चालवल्यासारखा ब्रश आडवा रेटू नका. त्याने हिरड्या मागे सरतात आणि दात मुळाशी झिजतात. तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या, की दोन मिनिटे झाली.

दिवसातून दोनदा घासावे. सकाळची वेळ कुणी चुकवत नाही. पण रात्रीची अधिक महत्त्वाची. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्री दातांचा पहारेकरीही झोपलेला असतो. चिंच, लिंबू किंवा बाटलीतले आंबट-गोड पेय घेतल्यावर मात्र अर्धा तास थांबून मग घासावे, कारण तेव्हा एनॅमलचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो. केस फाकलेला ब्रश बदलावा. साधारण तीन महिन्यांनी ती वेळ येते.

घरी ब्रश नसेल तर? कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला आणि हलक्या हाताने वापरला, तर तोही प्लाक काढतो. मात्र त्यात फ्लोराइड नसते. कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दात चकचकीत दिसले तरी एनॅमल झिजत असते.

मिश्रीबद्दल मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात कितीतरी घरांत, विशेषतः आयाबायांना, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्याची सवय आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत. तंबाखूतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, म्हणून मिश्रीवाचून चैन पडत नाही. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो. १९९२ साली आपल्या देशात दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास कायद्याने बंदी झाली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार? तिथे तुम्हीच पोहोचू शकता. आजीला रागावू नका. तिच्या तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर तिला दवाखान्यात घेऊन जा.

सहाव्या वर्षीची दाढ

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून ती दुधाचीच असेल, किडली तरी पुढे पडून नवी येईल, असे घरच्यांना वाटते. पण ती कायमची असते. तिच्यावरच्या खोल खाचांत अन्न सहज अडकते आणि कितीतरी मुलांची हीच दाढ सर्वांत आधी किडते. तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला आज ‘आ’ करायला सांगा. ती दाढ आली असेल, तर तिथपर्यंत ब्रश कसा पोहोचवायचा, ते तुम्ही शिकवा. ती दाढ त्यांना आयुष्यभर पुरवायची आहे.

करून पाहा

१. एक चमचा पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब टाकून ते अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवा व थुंका. मग एकदा साधी चूळ भरून आरशात पाहा. जिथे रंग राहिला, तिथे प्लाक आहे. आता नेहमीप्रमाणे दात घासा आणि पुन्हा पाहा. कोणती जागा राहून गेली? वहीत दातांची आकृती काढून त्यावर नोंद करा.

२. दोन दिवस दात घासा: एक दिवस नेहमीइतकी पेस्ट घेऊन नेहमीइतकाच वेळ, आणि दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन घड्याळ लावून दोन मिनिटे. दोन्ही वेळा घासल्यावर वरीलप्रमाणे रंग लावून पाहा. कोणत्या दिवशी रंग कमी राहिला? त्याचे कारण लिहा.

३. तुमच्या घरी पेस्टची १०० ग्रॅमची नळी किती दिवस पुरते? प्रत्येकाने दोन्ही वेळा पाव ग्रॅम पेस्ट घेतली, तर ती किती दिवस पुरेल? गणित करून उत्तर घरी दाखवा.