दोषमुक्तीचा अर्थ

फौजदारी खटल्यातून सुटलेला शासकीय सेवक निकालाची प्रत घेऊन कचेरीत हजर होतो आणि आपणास पूर्ववत कामावर घ्यावे, अशी विनंती करतो. अशा वेळी पुष्कळ कार्यालयप्रमुख गोंधळून जातात. वर्तमानपत्रांतील 'निर्दोष सुटका' हा शब्द सरसकट सर्व निकालांना लावला जातो, हे या गोंधळाचे एक कारण होय.

आरोप ठेवण्याइतकाही आधार कागदपत्रांत नसेल, तर न्यायाधीश आरोपीस विनारोप सोडतात. येथे दोषादोषाचा निर्णय झालेला नसतो. म्हणून नवा पुरावा पुढे आल्यास पुन्हा कार्यवाही होऊ शकते. दोषमुक्तीचे तसे नाही. तो निर्णय अपिलात फिरला नाही, तर त्याच अपराधासाठी दुसरा खटला चालत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०० चे हे संरक्षण १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३३७ म्हणून आले आहे.

विभागीय चौकशी ही निराळी बाब. न्यायालय वाजवी संशयापलीकडची सिद्धता मागते. चौकशीत अधिक संभाव्य काय, एवढेच पाहतात. त्यामुळे साक्षीदार फितूर झाल्याने सुटलेल्या सेवकाची चौकशी चालू राहू शकते. 'सन्मानपूर्वक दोषमुक्ती' हा शब्दप्रयोग तर संहितेत नाहीच. तो न्यायनिर्णयांतून रूढ झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केले. सर्व पुरावा विचारात घेऊनही फिर्यादपक्षाला आरोप सिद्ध करता आला नाही, असा निष्कर्ष असेल, तर ती सन्मानपूर्वक म्हणता येते. म्हणजे निकालपत्राची केवळ शेवटची ओळ वाचून भागत नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९८५ मध्ये त्याच्या घरावर छापा पडला, सोने सापडल्याचे सांगण्यात आले आणि तो निलंबित झाला. निर्वाहभत्ता न मिळाल्याने तो केरळातील आपल्या गावाहून चौकशीस येऊ शकला नाही. चौकशी एकतर्फी झाली, बडतर्फीही झाली. पुढे न्यायालयात छापा व जप्ती सिद्धच झाली नाही. दोन्हीकडे साक्षीदार तेच, पुरावा तोच! १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून निलंबनापासूनचे सर्व वेतन देण्याचा आदेश दिला. मध्ये चौदा वर्षे गेली होती.

निर्वाहभत्ता ही कार्यालयाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या नागरी सेवा नियमांत निलंबनाच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी तो अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका ठरविलेला आहे. बडतर्फीनंतर अपिलात पूर्णपणे दोषमुक्त ठरून कामावर परतलेल्या सेवकास मधल्या काळाचे पूर्ण वेतन व भत्ते मिळतात. मात्र विलंब त्याच्याच कृतीमुळे झाला असेल, तर तेवढ्या काळाचे वेतन सक्षम प्राधिकाऱ्याला कमी करता येते. परंतु तत्पूर्वी सेवकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.