पुराणाला विचारायचे प्रश्न

दुर्गाघाट, वाराणसी
आषाढ वद्य

चि. सोनूस,


हिंदू विश्वविद्यालयाच्या दर्शन व धर्म विभागात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. त्याच दमात, "पोरीची देवावरची श्रद्धा राहील ना गं?" असंही विचारलं. तुझ्या पत्रात मात्र उलटीच तक्रार. मैत्रिणी म्हणतात, पुराणं म्हणजे भाकडकथा, त्यांचा अभ्यास कसला करायचा? दोन्हीकडची समजूत एकच आहे. त्यांना वाटतं, अभ्यासक पोथी सोडतो ती खरं-खोटं ठरवायला. तो निकाल लांबणीवर टाकता येणं हाच या विषयाचा श्रीगणेशा. आधी एवढंच विचारायचं: ही कथा कोण सांगतंय, कुठे, कधी, कुणाला, आणि ती सांगून त्याला काय साधायचंय?

हे प्रश्न किती कामाचे आहेत ते राजा दिवोदासाकडे बघून कळेल. हरिवंशात शिवाला राहायला काशी हवी असते, म्हणून त्याचा गण निकुंभ नगरीत येतो. एका न्हाव्याच्या स्वप्नात जाऊन आपली मूर्ती बसवून घेतो, लोकांच्या इच्छा पुरवतो, पण राणीला मूल देत नाही. राजा चिडून ते स्थान मोडतो आणि निकुंभाच्या शापाने नगरी ओस पडते. काशीखंडात मात्र हाच दिवोदास इतका धर्मनिष्ठ, की त्याच्या राज्यात देवांनाच जागा उरत नाही. शिवाला काशी सोडावी लागते. मग राजाची एखादी चूक सापडावी म्हणून शिव योगिनींना, सूर्याला, गणांना, गणेशाला एकामागून एक पाठवतो. एकालाही चूक सापडत नाही, आणि गेलेले परत यायचं नाव घेत नाहीत, काशीतच मुक्काम ठोकतात. शेवटी विष्णू बौद्ध भिक्षूचं रूप घेऊन येतो आणि लोकांची मनं वळवतो.

राजा एक, नगरी एक. पण पहिल्या कथेत देवाला आत शिरायचंय आणि दुसरीत परत यायचंय. यातली 'खरी' कोणती असं विचारून काही हाती लागणार नाही. काशीखंड रचलं गेलं तेव्हा शहरभर पसरलेल्या असंख्य देवस्थानांची एका कथेत सांगड घालायची होती, हे ध्यानात घे. प्रत्येक देव इथे का आहे याचं उत्तर त्या कथेत मिळतं. आणि बौद्ध वेष का, ते पाहायला सारनाथला जा. बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्राच्या पदरी लक्ष्मीधर होता. त्याने 'कृत्यकल्पतरू'च्या तीर्थविवेचनकांडात काशीतली शेकडो लिंगं नोंदवली. त्याच राजाची राणी कुमारदेवी हिने सारनाथला विहार बांधला; तिचा शिलालेख तिथेच सापडला. शैव तीर्थांची यादी आणि बौद्ध विहार एकाच राजघराण्याच्या आश्रयाने निघतात, हे कळलं की काशीखंडातला तो भिक्षू निराळाच दिसू लागतो.

ही चिकित्सा साहेबांनी आणली, असं तुला कुणीतरी सांगेलच. वेदाची छापील आवृत्ती आणि तौलनिक धर्माभ्यासाचा पाया यांत मॅक्सम्युलरचं ऋण मोठं आहे, ते नाकारू नकोस. पण आपल्या या गल्ल्यांत त्याच्या आधी तीनशे वर्षं कोण होतं तेही वाच. पैठणहून काशीत आलेल्या रामेश्वर भट्टांचा मुलगा नारायण भट्ट. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांवर त्याने 'त्रिस्थलीसेतू' लिहिला. त्यात तो एक अवघड प्रश्न सरळ हाताळतो: काळाच्या उलथापालथीत विश्वेश्वराचं मूळ लिंग हललं आणि माणसांनी दुसरं बसवलं, तर यात्रेकरूने काय करावं? त्याचं उत्तर असं की त्या जागी जे लिंग असेल त्याचीच पूजा करावी, आणि परकीय सत्तेमुळे तिथे लिंगच नसेल तरीही प्रदक्षिणा-नमस्कार असा स्थानाचा धर्म पाळावा. तो भाविक होता, कर्मठ होता. तरीही मूर्ती बदलते, हलते, नाहीशी होते, हे त्याने डोळे उघडे ठेवून लिहिलं आणि त्यातून श्रद्धेला वाट काढून दिली. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात नांदू शकतात याचा याहून चांगला दाखला मी तुला देऊ शकत नाही.

आता तुलनेबद्दल. पहिल्या सहामाहीत सगळ्यांना तुलनेचा ताप चढतो. जिथे तिथे साम्यं दिसू लागतात आणि फ्रेझरचं 'गोल्डन बाऊ' वाचून तो आणखी वाढतो. त्यावर उतारा म्हणून तुला कपालमोचन देते.

कथा तुला ठाऊक आहे. भैरव ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक छाटतो आणि कवटी हाताला चिकटते. ब्रह्महत्या बाईच्या रूपात त्याच्या पाठी लागते. तो तीर्थामागून तीर्थं हिंडतो. काशीत पाऊल पडताच ती पाताळात जाते आणि कवटी गळून पडते. पुढे तोच भैरव या शहराचा कोतवाल होतो. आता ग्रीसकडे बघ. ओरेस्टीस बापाच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारतो. सुडाच्या देवता त्याच्या मागे लागतात, आणि त्याही बायकाच. डेल्फीला शुद्धी होऊनही सुटका होत नाही; ती होते अथेन्समध्ये, आणि त्या देवतांना अथेन्सच्या भूमीखाली मानाचं स्थान मिळतं. एस्किलसची ही नाटकं इसवी सनपूर्व 458 मधली.

साम्य पाहून अंगावर काटा येतो, मलाही आला होता. पण 'दोन्हींचं मूळ एकच' असं लिहायला हात शिवशिवेल, तिथे थांब. आपली भैरवकथा ज्या पुराणांत आहे ती एस्किलसनंतर कित्येक शतकांनी रचलेली. एकीकडची कथा दुसरीकडे कशी गेली याचा मार्ग दाखवता येत नसेल, तर नातं जोडायचं नाही. त्याआधी घरातलं कपाट धुंडाळ. महाभारताच्या शल्यपर्वात सरस्वतीकाठचं एक कपालमोचन आहे. रामाने दंडकारण्यात मारलेल्या राक्षसाचं मुंडकं उडून महोदर ऋषीच्या मांडीला चिकटतं आणि औशनस तीर्थावर सुटतं. तिथे भैरव नाही, ब्रह्मदेव नाही, काशीही नाही. म्हणजे 'चिकटलेली कवटी तीर्थाने सुटते' हा कथाभाग आधीपासून फिरत होता. काशीने तो आपलासा केला आणि त्यात आपला देव बसवला.

हे झालं की मग ग्रीसकडे परत जा, आणि आता फरक शोध. अथेन्समध्ये सुटका न्यायासनापुढे होते. नागरिक मतं टाकतात, ती समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. काशीत खटला नाही, पुरावा नाही, मतं नाहीत. भूमीचा स्पर्श पुरतो. दोन्ही समाजांपुढे पेच एकच होता: हातून घडलेली हत्या माणसाला कुठवर चिकटून राहावी? एकाने उत्तर न्यायालयात शोधलं, दुसऱ्याने क्षेत्रात. साम्यामुळे प्रश्न सापडतो, पण समाज कळतो तो फरकामुळे.

पोथीइतकंच पायांनीही वाच. लहुराबीर, भोजूबीर ही इथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडची नावं आहेत. ती ज्यांच्यावरून पडली ते बीरबाबा संस्कृत माहात्म्यांत शोधून सापडणार नाहीत. शेंदूर फासलेला दगड, झाडाखालचा चौथरा, मंगळवारी येणाऱ्या बायका. तुला आपले म्हसोबा, वेताळ, वीरगळ आठवतील. आठवू देत, पण घाई नको. गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत फिरले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी जे लिहिलं ते नुसत्या ग्रंथालयात बसून लिहिता आलं नसतं. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' 1984 मध्ये आलं. ओवी, स्थलपुराण, शिलालेख, धनगरी परंपरा हे सारं एकाच देवाभोवती कसं मांडायचं, ते तिथे शीक. दरवर्षी एकदा वाच.

बोलणारी माणसं ही तुझ्या प्रबंधाचं सामान नव्हेत. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर फोटो काढायचे नाहीत. डोम कुटुंबातल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याचं काम संपू दे, आणि त्याने 'हे लिहू नका' म्हटलं तर लिहायचं नाही. आणखी एक. या शहरात देवस्थानाबद्दलचं प्रत्येक वाक्य कुणीतरी वादात हत्यार म्हणून उचलतं. म्हणून निष्कर्ष पुराव्याच्या पुढे एक पाऊलही जाऊ देऊ नकोस. जेवढं दिसलं तेवढं, कुठल्या ग्रंथात तेही सांगून, आणि आवाज न चढवता.

महाभारत वाचताना दोन टोकांना धरून राहा. सतराव्या शतकात काशीत बसून नीलकंठ चतुर्धरांनी 'भारतभावदीप' ही टीका लिहिली. परंपरेने महाभारत कसं समजून घेतलं ते त्यातून कळतं. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. सुकथनकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी शेकडो हस्तलिखितं ताडून पाठ ठरवला. एक हाती आल्यावर दुसरं टाकून देणारे पुष्कळ भेटतील. तू दोन्ही शेजारी उघडून बस.

आता पहिल्या महिन्याचं काम. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात लाखाहून अधिक हस्तलिखितं आहेत. तिथे जाऊन वाचायची रीतसर परवानगी काढ. संस्कृत आहेच, भोजपुरी कानावर पडू दे, आणि ग्रीक किंवा पाली यांतली एक भाषा आजच धर. भाषांतरावर उभी राहिलेली तुलना फार टिकत नाही. दर आठवड्याला एकच देवस्थान घे. तिथले पुजारी काय सांगतात, शेजारी काय सांगतात आणि ग्रंथ काय सांगतो, हे तीन निरनिराळ्या पानांवर लिही. ती तिन्ही उत्तरं जुळवून घ्यायचा मोह आवर. जिथे ती जुळत नाहीत तिथेच तुझा प्रबंध आहे.

दर रविवारी जेवायला ये, वही घेऊन. मी तपासणार आहे.

तुझी,
आत्या