मानवेलाचं ग्लायडर

बिनइंजिनाचं विमान करायला फार सामान लागत नाही. मानवेल बांबूची दोन-तीन चांगली पेरं, पतंगाच्या कागदाचा एक ताव, सुती दोरा, धावड्याचा डिंक, लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद, थोडं मेण आणि हाताला बसलेली धारदार सुरी. हेमलकशाच्या आसपास यातलं बरंचसं रानातून मिळतं, उरलेलं भामरागडच्या दुकानांतून. पतंगाचा ताव मात्र संक्रांतीच्या सुमाराला आलापल्ली-चंद्रपूरकडे कुणी गेलं तर आणवून ठेवावा आणि गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवावा. घडी घातली की तिथेच तो पुढे फाटतो.

जे करायचं ते खेळणं म्हणून नाही. पूर्वीची खरी ग्लायडरं अशीच होत असत. लाकडी फासळ्या, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर डोप नावाच्या रोगणाचे हात. डोप वाळताना आकसतो आणि कापड तबल्यासारखं ताठ होतं. जर्मनीत एडमुंड श्नायडर यांनी 1931 साली ‘ग्रुनाउ बेबी’ नावाचं ग्लायडर काढलं. त्याचे नकाशे देशोदेशी गेले आणि ठिकठिकाणच्या क्लबांनी आपापल्या कार्यशाळांत ते बांधलं. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंगला नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांनी ग्लायडरं आखली. 1958 मध्ये ‘अश्विनी’ उडालं, 1961 मध्ये ‘रोहिणी’. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसत. पुढे ‘मृगशीर’ आणि ‘आर्द्रा’ही आली. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोरीने वर खेचलेलं ग्लायडर दोरी सोडून आवाज न करता घिरट्या घालताना ज्यांनी सोलापूर रस्त्यावर सायकल थांबवून पाहिलंय, त्यांना ते विसरता येत नाही. आता नवी ग्लायडरं फायबरची असतात. ती जास्त लांब जातात, जास्त वेगात जातात. पण लाकूड-कापडाच्या ग्लायडरची सावकाश चाल त्यांच्यात नाही, आणि तीच बांबू-कागदात जशीच्या तशी उतरते. भामरागडच्या मुलांना आकाशातलं यंत्र म्हणजे हेलिकॉप्टर आणि त्याचा कानठळ्या बसवणारा आवाज एवढंच ठाऊक आहे. हवेवर गुपचूप तरंगणारं काहीतरी त्यांनी आपल्या हातांनी करून सोडावं, असं मला मनापासून वाटतं. बांबू फोडायचा, सोलायचा, वाकवायचा हात इथल्या घराघरांत आहेच. त्या हाताला फक्त मापं सांगायची आहेत.

आधी बांबू. कोवळा घेऊ नका. तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि सावलीत वाळवलेला घ्या. उन्हात वाळवला तर चिरतो. पाठीकडचा, म्हणजे हिरव्या सालीखालचा भाग वापरायचा, कारण दाट तंतू तिथेच असतात. पोटाकडचा मऊ भाग सुरीने खरवडून टाका. मानवेलाचं पेर साधारण हातभर लांब असतं, म्हणून पंख दोन तुकड्यांत करू. प्रत्येक पंखाच्या काड्या एकाच पेरातून निघायला हव्यात, मध्ये गाठ नको. गाठीशी काडी वेडीवाकडी फुटते आणि वाकवताना दगा देते.

धड म्हणजे 45 सेंटीमीटरची एक सरळ दांडी. पुढच्या टोकाला ती 5 मिलिमीटर जाड ठेवा आणि शेपटीकडे निमुळती करत 2–3 मिलिमीटरवर आणा. इथे गाठ आली तर चालते, पण ती पुढच्या भागात येऊ द्या. डोळ्याजवळ धरून लांबीवर नजर टाका. वाक दिसला तर दिव्याच्या ज्योतीवर हलकेच शेकून सरळ करा आणि थंड होईपर्यंत हातात धरून ठेवा.

पंखाला चार काड्या लागतात. पुढच्या कडेच्या दोन, 30 सेंटीमीटर लांब, 3 मिलिमीटर रुंद आणि 2 मिलिमीटर जाड. मागच्या कडेच्या दोन, तेवढ्याच लांब पण त्याहून बारीक. सोलून झाल्यावर डाव्या-उजव्या काड्या जोडीने बोटावर तोला. जी जड तिला सुरीने दोन-चार हात द्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचवलेली पंधरा मिनिटं मैदानात सकाळभर छळतात.

आता फासळ्या, आणि या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पंख सपाट असला तरी उडतो, पण पाठीला बाक दिला तर कितीतरी छान उडतो. पंखाची रुंदी 9 सेंटीमीटर आहे. बाकाची उंची 6 मिलिमीटर हवी, आणि ती सगळ्यांत जास्त पुढच्या एक तृतीयांशाच्या आसपास यायला हवी. अशा दहा फासळ्या लागतात आणि दहाही हुबेहूब सारख्या. एकेक वाकवत बसलात तर त्या कधीच सारख्या होणार नाहीत. त्यापेक्षा बांबूची एकच पट्टी घ्या: 11 सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटरहून थोडी रुंद, जेमतेम मिलिमीटरभर जाड. तासभर पाण्यात भिजवा. लाकडाच्या एका तुकड्याला सुरीने हवा तसा बाक कोरून साचा करा. पट्टी ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता, पुढे-मागे फिरवत राहा. आधी पाणी चरचरतं, मग एका क्षणी बांबूचा अडेलपणा संपतो आणि तो बोटांखाली नरम येतो. त्याच क्षणी साच्यावर दाबून दोऱ्याने बांधा आणि पूर्ण थंड होऊ द्या. सोडवल्यावर बाक तसाच राहिलेला दिसेल. मग ही वाकलेली पट्टी सुरीने उभी फोडत जा, दोन-दोन मिलिमीटरच्या काड्या. दहा फासळ्या, सगळ्यांचा बाक एक. अंदाज चुकेल म्हणून अशी आणखी एक पट्टी करून ठेवा.

जमिनीवर किंवा पाटावर कागद पसरून पंखाचा पूर्ण आकार पेन्सिलीने आखून घ्या आणि त्यावरच सांगाडा जुळवा. प्रत्येक पंखात पाच फासळ्या, साडेसात सेंटीमीटरच्या अंतराने. फासळीची टोकं कडेच्या काडीवर ठेवा, गोंदाचा थेंब लावा, वर सुती दोऱ्याचे तीन-चार वेढे आणि पुन्हा गोंदाचं बोट. जास्त गोंद म्हणजे जास्त वजन. एक पंख झाला की दुसरा त्याच आराखड्यावर, पण उलटा धरून. दोन डावे पंख करून बसण्याची हौस पहिल्या वेळी पुष्कळांना होते.

दोन पंख मध्ये जोडताना ते सरळ रेषेत जोडू नका. टोकं मधल्यापेक्षा 5 सेंटीमीटर वर उचललेली हवीत. घार पंख किंचित उचलून तरंगते तेव्हा नीट बघा. एक पंख खाली झुकला की विमान त्या बाजूला घसरतं, मग हवा खालच्या पंखाला जास्त उचलते आणि विमान आपणहून सावरतं. जोडासाठी 6 सेंटीमीटरच्या दोन छोट्या काड्या ज्योतीवर शेकून उथळ व्हीच्या आकारात वाकवा. एक पुढच्या कडेला, एक मागच्या कडेला आतून बांधा. दोन्हीकडची उंची पट्टीने मोजा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

शेपटी साधी. आडवी शेपटी 20 सेंटीमीटर बाय 6, उभी शेपटी 7 बाय 6. दोन्ही सपाट, शक्य तेवढ्या बारीक काड्यांच्या. मागे वाढलेला प्रत्येक ग्रॅम पुढे जवळपास दुपटीने भरून काढावा लागतो.

कागद फक्त पंखाच्या वरच्या बाजूला लावायचा. डिंक पाण्यात भिजवून पातळ, मधासारखा करून घ्या. आधी मधली फासळी, मग टोकाकडे एकेक फासळी, शेवटी दोन्ही कडा. कागद प्रत्येक फासळीला चिकटला पाहिजे, नाहीतर ताणल्यावर बाकावरून उचकटतो. वाळल्यावर कडांच्या बाहेरचा कागद ब्लेडने कापा. मग तोंडात पाणी घेऊन, परीट पूर्वी कपड्यावर फवारत तसं, पंखावर बारीक तुषार उडवा, किंवा बारीक पिचकारीने. ओला कागद आधी लोंबतो आणि जीव घाबरतो. घाबरू नका. पंख पाटावर ठेवा, कडांवर छोटे दगड ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वाळता वाळता सुरकुत्या जातात आणि टिचकी मारली की टण् असा आवाज येतो. खऱ्या ग्लायडरमध्ये डोप करायचा तेच काम इथे पाण्याने केलं. दगड न ठेवता वाळवलं तर आकसणारा कागद पंखाला पिळतो, आणि पिळलेला पंख सरळ उडत नाही.

जुळणी अशी: दांडीच्या नाकापासून 10 सेंटीमीटरवर पंखाची पुढची कड. पुढच्या कडेखाली 3 मिलिमीटरची बांबूची चकती द्या म्हणजे पंख पुढून किंचित उचललेला राहील. मागची कड थेट दांडीवर. पंख गोंदाने चिकटवू नका, रबराने बांधा. तो पुढे-मागे सरकवावा लागेल, आणि आदळल्यावर मोडण्याऐवजी निसटेल. आडवी शेपटी दांडीच्या अगदी टोकाला सपाट, तिच्यावर उभी शेपटी.

आता नाकाला वजन. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण साडेतीन सेंटीमीटर मागे दोन्ही पंखांखाली पेन्सिलीने ठिपका करा. त्या ठिपक्यांखाली दोन बोटं धरल्यावर ग्लायडर आडवं राहिलं पाहिजे. त्यासाठी नाकाशी वॉशर बांधा आणि उरलेला फरक मेणाने भरा. एकूण सहा-सात ग्रॅम लागतील. रुपयाची दोन नाणी एकत्र साधारण तेवढी भरतात, त्यावरून हातात अंदाज घ्या. तोल जमल्याखेरीज मैदानात जायचं नाही. जर्मनीचे ओटो लिलिएंथाल यांनी 1891 ते 1896 या काळात विलोच्या काड्या आणि सुती कापडाच्या ग्लायडरांवर दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली. ते स्वतःचं अंग पुढे-मागे झुलवून तोल सांभाळत. आपल्या ग्लायडरमध्ये माणूस नाही, त्यामुळे तोल आधीच ठरवून द्यावा लागतो.

पहिली उड्डाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी, वारा उठायच्या आधी. शाळेचं गवताळ मैदान चालेल. त्याहून चांगली म्हणजे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती मिळतात तिथली कोरडी वाळू. पडलं तरी मोडत नाही. दांडी तोल-बिंदूच्या थोडी मागे धरा, नाक जमिनीकडे किंचित झुकवा, दोन पावलं चाला आणि पुढे ढकलून सोडा. फेकायचं नाही. हे ग्लायडर धावणाऱ्या मुलाच्या चालीने उडतं, त्याहून जास्त वेग दिलात तर ते गोंधळतं.

मग बघा काय होतं. नाक वर काढून थबकलं, खाली गोता मारला, पुन्हा नाक वर, असं लाटेसारखं गेलं तर नाकाला वाटाण्याएवढं मेण वाढवा. अशा थबकण्याला हलकं समजू नका. 1896 च्या ऑगस्टमध्ये लिलिएंथालचं ग्लायडर हवेत असंच नाक वर होऊन थबकलं, सुमारे 15 मीटरवरून ते खाली आले आणि दुसऱ्या दिवशी गेले. उलट ग्लायडर सरळ जमिनीत घुसत असेल तर मेण काढा. एका बाजूला झपकन वळत असेल तर आधी पंख समोरून बघा, कुठेतरी पीळ असणार. चहाच्या किटलीच्या वाफेवर तो भाग धरा, उलटा पीळ द्या आणि गार होईपर्यंत सोडू नका. एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर दोन-तीनदा उडवा. पहिल्या यशात खांद्याच्या उंचीवरून सोडलेलं ग्लायडर दहा-एक पावलं जाईल. नीट जुळलं की त्याच उंचीवरून तेवढंच अंतर शांतपणे, डोळ्याला सुखावेल असं कापेल. मग उभ्या शेपटीची मागची कड मिलिमीटर-दोन मिलिमीटर डावीकडे वाकवा, म्हणजे ते सरळ पळून झाडांत न जाता मोठ्या घेऱ्यात फिरेल.

हे सगळं जमल्यावरच दोरी. हडपसरला विंच करतं ते काम इथे धावणारा मुलगा करतो. तोल-बिंदूच्या एक सेंटीमीटर पुढे दांडीखाली टाचणीचा आकडा बांधा, तोंड मागे. पंधरा मीटर सुती दोऱ्याला तारेची कडी लावा आणि कडी आकड्यात अडकवा. मांजा बिलकुल नको, काचेचा नको, नायलॉनचा तर नकोच. त्याने पाखरं कापली जातात आणि मुलांची बोटंही. एकाने ग्लायडर डोक्यावर धरायचं, दुसऱ्याने वाऱ्याच्या तोंडावर धावायचं. दोरा ताणला की धरणाऱ्याने सोडून द्यायचं. ग्लायडर पतंगासारखं चढतं. धावणारा थांबला की दोरा ढिला पडतो, कडी आपणच मागून निसटते आणि ग्लायडर मोकळं होतं. चढताना एका बाजूला ओढत असेल तर आकडा अर्धा सेंटीमीटर पुढे घ्या. धावणाऱ्याने पाठमोरं धावू नये. मान वळवून बघत धावावं, आणि खड्डा नसलेली वाट आधी चालून बघावी.

दहा-अकरा वाजता वाळू तापते आणि तिच्यावरून गरम हवा वर जाते. घार पंख न हलवता गोल फिरत चढताना दिसली की ती जागा ओळखून ठेवा. त्याच बाजूला सोडलेलं ग्लायडर कधीकधी खाली यायचं विसरतं, आणि मग त्याच्यामागे धावायला दोन-तीन जण तयार ठेवावे लागतात. पंखावर गावाचं नाव लिहा, म्हणजे नदीपलीकडे गेलं तरी कुणी आणून देईल.

पावसाळ्यात उडवू नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि दमट हवेत कागद ढिला पडतो. ग्लायडर उकलून पंख पाटाला दोऱ्याने सपाट बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवा, रबर काढून टाका कारण ते चिकटतं, आणि डिंकावर किडे येऊ नयेत म्हणून कडुनिंबाची वाळलेली पानं टाका. ऑक्टोबरनंतर पंख उन्हात न ठेवता सावलीत दोन दिवस उघडे ठेवा, पुन्हा पाण्याचे तुषार मारून ताणून घ्या. फाटलेला कागद फाटलेल्या जागेपुरताच, डिंक लावून जोडा. ठिगळ जितकं लहान तितकं बरं, आणि दुसऱ्या पंखावर बरोबर त्याच जागी तेवढंच ठिगळ लावा.