कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी का घसरते?



दिवाळीची सुट्टी संपते, शाळा उघडते आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत अर्ध्या जागा रिकाम्या दिसतात. मग आपण म्हणतो, "इथल्या पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." मीही हे वाक्य बरीच वर्षं म्हटलं आहे.

डी.एड.ला शिक्षणाचा समाजशास्त्रीय पाया मी पाठ करून पास झाले. त्याचा उपयोग पुढे कधी होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. समाजशास्त्र करतं काय? जी गोष्ट एकेका माणसाचा दोष वाटते, ती पुष्कळांच्या बाबतीत एकाच वेळी का घडते, हे तपासतं. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने 1897 मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खाजगी वाटणाऱ्या गोष्टीचा असा अभ्यास केला.

आपल्या जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. शेतकरी आत्महत्यांबद्दल "दारू होती, लग्नात खर्च केला" असं सर्रास बोललं जायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने अभ्यास केला आणि 2005 मध्ये अहवाल दिला. त्यात कर्ज, वारंवार बुडणारं पीक आणि वाढता लागवड खर्च ही कारणं पुढे आली. 2006 मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते पुरलं का, हा वेगळा वाद. पण बोलणं माणसाच्या स्वभावावरून शेतीच्या हिशोबावर आलं.

शाळेतही हेच करता येतं. मी मागच्या दोन वर्षांची हजेरीपत्रकं काढली आणि गैरहजर मुलांच्या नावापुढे साधे रकाने आखले: मुलगा की मुलगी, घरात तीन वर्षांखालचं मूल आहे का, घरची शेती की मजुरी, घरात कोणती भाषा. एका रविवारी बसून भरलं. चित्र असं निघालं की वेचणीच्या दिवसांत सर्वांत जास्त गैरहजर चौथी-पाचवीच्या मुली, आणि त्यातल्या बहुतेकींच्या घरी लहान भावंडं.

मग घरी गेले. एक आई म्हणाली, "मॅडम, वेचाई किलोवर मिळते. मी वावरात गेली तर लहान्याले कोन पाहीन?" शिक्षणाचं महत्त्व तिला माझ्याइतकंच कळत होतं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचं मूल बसतं, तेही दुपारपर्यंत. त्याखालच्या मुलाला सांभाळणारी म्हणजे मोठी बहीण.

घरी जाऊन विचारणं महत्त्वाचं का? 'असर'चं सर्वेक्षण आठवा. 2005 पासून स्वयंसेवक गावोगावी घराघरांत जाऊन मुलांना वाचायला देतात. शाळेत गेलं तर फक्त त्या दिवशी आलेली मुलं भेटतात. न आलेली मोजायची राहूनच जातात. आपली अडचण तर नेमकी न आलेल्यांची आहे.

भाषेच्या रकान्याने मला सर्वांत जास्त खजील केलं. कोलाम पोडावरची दोन मुलं मी "बोलत नाहीत, मंद आहेत" अशी समजून चालले होते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीत त्यांना माझं बोलणंच कळत नव्हतं. आता पोडावरची एक मोठी मुलगी गोष्टीच्या तासाला दुभाषी होते. तांड्यावरच्या मुलांशी गोरमाटीतले चार शब्द मीही शिकले.

मुलींसाठी काय केलं? लहान भावंडांना वर्गात आणायला परवानगी दिली. दाराजवळ सतरंजी टाकली. गोंधळ होतो, खोटं कशाला बोलू. गणिताच्या तासाला तर फार. पण मुली येऊ लागल्या. ग्रामपंचायतीत हाच तक्ता ठेवला आणि वेचणीपुरती लहान मुलांना सांभाळायला एक बाई मागितली. तिथे अजून चर्चाच चालू आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांपुढे मात्र माझा तक्ता थिटा पडला. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह लागतं, ते एका शिक्षिकेच्या हातात नाही.

तुम्ही असा तक्ता केलात तर मुलांची नावं बाहेर दाखवू नका, फक्त संख्या दाखवा. आणि तुमच्या गावासाठी कोणता रकाना वाढवाल, ते नक्की कळवा. आमच्याकडे मी या वर्षी आठवडी बाजाराचा वार वाढवला आहे.