स्वयंपाकघरातली चिमणी : सफाई घरी करायची की माणूस बोलवायचा?



दिवाळी जवळ आली की पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, "चिमणी साफ करणाऱ्याचा नंबर आहे का कुणाकडे?" ही चिमणी अंगणातली नव्हे, गॅसच्या वर बसवलेली. (मुलांना या शब्दाची गंमत वाटते, वाटू द्या.) नंबर मिळतो, माणूस येतो, पैसे घेऊन जातो. पण त्याने नेमकं काय साफ केलं, हे पुष्कळ घरांत कुणी पाहत नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी त्यातलं विज्ञान पाहू. फोडणी दिली की तेलाचे अगदी बारीक थेंब वाफेबरोबर वर उडतात. वर गेल्यावर थंड पत्रा लागला की तिथेच चिकटतात. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं तसं मात्र हे नाही. थिजलेलं तेल उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ होतं. चिमणीवरचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट, चिकट, पिवळट थर बनतं. रंगात घातलेलं जवसाचं तेल वाळतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून नुसत्या पाण्याने तो निघत नाही, आणि जितका जुना तितका हट्टी.

फिल्टर हे थेंब कसे अडवतो? स्टीलच्या पट्ट्यांचा जो फिल्टर असतो, त्याला बॅफल म्हणतात. त्यात हवेला वळणं घ्यावी लागतात. घाटात एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलतो ना, तसंच तेलाच्या जड थेंबांचं होतं. हवा वळून पुढे जाते, थेंब पट्टीवर आदळतात आणि खालच्या वाटीत निथळतात. गती आणि दिशा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा.

हा फिल्टर धुण्यासाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तळण जास्त असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, नाहीतर महिन्याने. आधी प्लग काढायचा. मोठ्या घमेल्यात कडक पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मूठभर खायचा सोडा टाकून अर्धा तास भिजवायचं. मग जुन्या टूथब्रशने घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच बसवायचं. फिल्टर ॲल्युमिनियमच्या जाळीचा असेल तर सोडा नको, नुसतं लिक्विड आणि गरम पाणी पुरे, कारण सोड्यात फार वेळ राहिली तर जाळी काळवंडते.

कॉस्टिक सोडा मात्र घरात आणूच नका. तो तेलाचा साबण करतो, म्हणून चटकन काम होतं हे खरं. पण तो कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि ॲल्युमिनियमला लागला तर पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. बाहेरून आलेला माणूस तो वापरत असेल तर मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा आणि बादली रिकामी झाल्याशिवाय त्याला निघू देऊ नका.

आता न दिसणारा भाग. फिल्टरच्या मागे पंखा असतो आणि पंख्यापासून भिंतीबाहेर जाणारा पाइप. फिल्टरमधून निसटलेलं तेल तिथे साठतं. पंख्याच्या पात्यांवर थर कमी-जास्त बसला की तोल जातो, घरघर सुरू होते, ओढ कमी होते. पाइप वळ्यावळ्यांचा असेल तर प्रत्येक वळीत तेल बसतं. खरी भीती इथेच आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर चालू पंखा ज्वाळा वर ओढतो आणि वर तेलाने माखलेला मार्ग तयारच असतो. अशा वेळी गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर मोठं झाकण. हात पोहोचत नसेल तर मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचा. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही. हे मुलांकडून पाठ करून घ्या.

पंखा आणि पाइप या दोन गोष्टींसाठीच माणूस बोलवावा, वर्षातून एकदा. फोनवरच विचारा, "पंखा काढून धुणार का? पाइप सोडवणार का?" उत्तर गोलमोल आलं तर दुसरा शोधा. काम चालू असताना समोर उभं राहा. वळ्यांचा पाइप फार माखला असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा घालून घेतलेला बरा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा. "आमची ऑटोक्लीन आहे" म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. त्यात उष्णतेने पंख्यावरचं तेल वितळून वाटीत उतरतं, ती वाटी आपणच रिकामी करायची असते, आणि पाइप तर तसाच राहतो. पाइप नसलेल्या, कोळशाचा फिल्टर असलेल्या चिमणीत तो कोळसा सहसा धुऊन चालत नाही, काही महिन्यांनी बदलावाच लागतो.

पावसाळा संपला की बाहेरच्या तोंडाची झडप बघून घ्या. कधी कधी तिथे खरोखरच्या पक्ष्याचं घरटं सापडतं. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत चिमणी बंद ठेवून खिडकी उघडायची.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम : दोन पांढरे कागद घ्यायचे. एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसपासून हातभर लांब आणि ज्योतीच्या वर येणार नाही असा मोठ्यांनी चिकटवायचा. दुसरा बाहेरच्या खोलीत. पंधरा दिवसांनी मुलांनी दोन्ही बोटाने चोळून बघायचे आणि फरक वहीत लिहायचा. चौथी-पाचवीला परिसर अभ्यासात हवा शिकवताना हे छान बसतं.

आणि शिक्षकांनो, पोषण आहाराच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा असेल तर त्याच्या पात्यांकडे एकदा मान वर करून बघा. तिथे तेलाबरोबर काजळीही असते. सुट्टीत, मेन स्विच बंद करून, मोठ्या माणसाकडूनच तो उतरवून घ्या. मुलांना स्टुलावर चढवू नका.